अप्रसिद्ध बँडांचा शोध

छंद अनेक प्रकारचे असतात. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी फुलपाखरें, कोणी जुनीं नाणीं. या सर्व छंदांत एक गोष्ट समान आहे: जी वस्तु जमवावयाची ती आधींच तयार झालेली असते, आणि तिची योग्यता सांगणारीं पुस्तकेंहि बाजारांत मिळतात. परंतु तरुण मुलामुलींमध्यें एक छंद असा आढळतो कीं, त्यांतील वस्तु अद्यापि पुरती घडलेलीहि नसते. ज्यांचें नांव कोणीं ऐकलेलें नाहीं, ज्यांची तसबीर कोठें छापून आलेली नाहीं, ज्यांच्या गाण्यास बाजारांत अजून कवडीची किंमत नाहीं, अशा वादकांच्या लहान लहान मंडळ्या हुडकून काढावयाच्या, त्यांचें गाणें मुद्दाम जाऊन प्रत्यक्ष ऐकावयाचें, आणि आवडल्यास भेटेल त्याला सांगत सुटावयाचें, असा हा छंद होय. पालकांस तो बहुधा कळत नाहीं. नांव नाहीं, गांव नाहीं, अशा लोकांचें गाणें ऐकण्यास शहराच्या दुसऱ्या टोंकास कशासाठीं जावें, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. त्याचें उत्तर देण्याचा यत्न येथें केला आहे.

शब्दांचा उलगडा प्रथम केलेला बरा. बँड म्हटलें कीं वरातीच्या पुढें चालणारे लाल कोटवाले वाजंत्री आणि त्यांचे पितळी कर्णे आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. येथें अभिप्रेत असलेला बँड तो नव्हे. चार-पांच समवयस्क मित्र एकत्र येतात. एकाकडे गिटार, दुसऱ्याकडे खर्जांत बोलणारी बेस गिटार, तिसऱ्याकडे ढोल व झांजा यांचा संच, आणि त्यांतलाच एक जण गातो. वाद्यें जुनीं असलीं तरी चालतें, गळा फारसा तयार नसला तरीहि चालतें; मात्र गाणीं स्वतःचीं असावीं लागतात. 'इंडी' हें त्याचें विशेषण 'इंडिपेंडंट' या इंग्रजी शब्दाचा संक्षेप होय. कित्येकांस वाटतें तसा त्याचा इंडियाशीं कांहीं संबंध नाहीं. इंडिपेंडंट म्हणजे स्वतंत्र; आणि हें स्वातंत्र्य मोठमोठ्या ध्वनिमुद्रिका-कंपन्यांपासूनचें आहे. पूर्वीं गाणें मुद्रित करण्याची खोली, तबकडी छापण्याचा कारखाना, ती दुकानोदुकानीं पोंचविणारी यंत्रणा आणि जाहिरातीचा पैसा हीं सर्व साधनें मूठभर कंपन्यांच्या हातीं एकवटलेलीं होतीं. त्यांच्या दारीं ज्याची वर्णी लागली नाहीं, त्याचें गाणें बहुधा त्याच्या गल्लीबाहेर जात नसे. ब्रिटनमध्यें जानेवारी १९८० पासून स्वतंत्र तबकड्यांच्या खपाची निराळी यादी प्रसिद्ध होऊं लागली, तेव्हां तिची कसोटी मोठी मौजेची होती. गाणें कोणत्या ढंगाचें आहे हें तींत पाहत नसत. तबकडी मोठ्या कंपन्यांच्या वितरणांतून दुकानांत आली कीं दुसऱ्या वाटेनें आली, एवढेंच पाहत. पुढें एका विशिष्ट वळणाच्या संगीतासहि लोक 'इंडी' म्हणूं लागले. परंतु मूळ अर्थ हा असा व्यापारांतला आहे.

या छंदांत सामर्थ्य किती आहे तें पाहावयाचें असेल, तर मँचेस्टर शहराकडे वळलें पाहिजे. १९७६ च्या फेब्रुवारी महिन्यांत, जवळच्या बोल्टन गांवच्या तंत्रविद्यालयांत शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनीं एका संगीतविषयक साप्ताहिकांत लंडनमधील एका नव्या बँडाच्या कार्यक्रमाचें परीक्षण वाचलें. (या बँडाचें संपूर्ण नांव शाळेच्या वार्षिकांत छापण्याजोगें नाहीं, त्याचा उत्तरार्ध 'पिस्टल्स' असा आहे, तेवढ्यावर वाचकांनीं समाधान मानावें.) हे दोघे विद्यार्थी पुढें हॉवर्ड डिव्होटो व पीट शेली या नांवांनीं प्रसिद्धीस आले. परीक्षण वाचून स्वस्थ बसणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. त्यांनीं एक मोटार उसनी मिळविली, दक्षिणेचा लांबचा प्रवास केला, आणि तो बँड एकदां नव्हे, दोनदां ऐकला. परततांना त्यांच्या मनानें घेतलें कीं, हें आपल्या शहरानें ऐकलेंच पाहिजे. मग त्यांनीं मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉल या भव्य इमारतींतील वरचें लहान दालन भाड्यानें घेतलें, ५० पेन्सांचें तिकीट लावलें, आणि ४ जून १९७६ रोजीं त्या मंडळीस आपल्या गांवीं आणून उभें केलें.

श्रोते किती आले असतील? चाळीसच्या आसपास. व्यापाराच्या दृष्टीनें ही फजीतीच म्हणावयाची. परंतु त्या रिकाम्या खुर्च्यांच्या मधून कोण बसलें होतें तें पाहा. बर्नार्ड सम्नर व पीटर हूक हे दोन शाळासोबती तेथें होते. हूक यानें दुसऱ्याच दिवशीं बेस गिटार विकत घेतली, असें तो स्वतः सांगतो. त्या दोघांचा पुढें 'जॉय डिव्हिजन' हा बँड झाला. 'द फॉल' हा बँड त्याच वर्षीं काढून तो चाळीस वर्षें चालविणारा मार्क स्मिथ तेथें होता. पुढें 'द स्मिथ्स' या बँडाचा गायक म्हणून गाजलेला मॉरिसी हाहि तेथें होता. ऐकलेलें गाणें फार सुंदर होतें असें यांपैकीं कोणीच म्हणत नाहीं. वादन ओबडधोबड होतें, सूर कर्कश होता. परंतु तोंपर्यंत त्या पिढीनें वादक पाहिले होते ते प्रचंड प्रेक्षागृहांतील दिव्यांच्या झगमगाटांत, देवळांतील मूर्ति दुरून पाहावी तसे. येथें दहा हातांवर आपल्याच वयाचीं मुलें उभीं होतीं, आणि त्यांस जें येत होतें तें चार महिन्यांच्या खटपटीनें आपणांसहि येईल, असें ऐकणाऱ्याच्या मनानें घेतलें. मोठ्या कलावंताचें गाणें ऐकून मनुष्य पुष्कळदां नम्र होतो, क्वचित् निराशहि होतो. होतकरूचें गाणें ऐकून तो कामाला लागतो. या छंदाचा खरा उपयोग हा आहे, असें आम्हांस वाटतें.

गंमत अशी कीं, पुढें त्या संध्याकाळची ख्याति इतकी झाली कीं 'मीं तेथें होतों' असें शपथेवर सांगणाऱ्यांची संख्या मूळ चाळीसांच्या कितीतरी पट भरली. अखेर एका पत्रकारानें खरे कोण व खोटे कोण याचा तपास करून एक पुस्तकच लिहिलें.

डिव्होटो व शेली यांचा स्वतःचा बँड 'बझकॉक्स' त्या दिवशीं तयार नव्हता. त्याच दालनांत २० जुलै रोजीं झालेल्या दुसऱ्या कार्यक्रमांत तो प्रथम उभा राहिला. वर्षअखेरीस त्यांनीं आप्तमित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले, चार गाणीं एका दिवसांत मुद्रित केलीं, आणि जानेवारी १९७७ मध्यें 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी स्वतःच प्रसिद्ध केली. पहिल्या प्रती १,००० काढल्या. मागणी वाढत जाऊन अखेर सुमारें १६,००० खपल्या. तबकडीच्या वेष्टणावर प्रत्येक गाणें कितव्या प्रयत्नांत साधलें, हेंहि त्यांनीं छापलें होतें. स्वयंपाकघराचें दार उघडें टाकून पाहुण्यांस जेवावयास वाढावें, तसा हा प्रकार होता. तबकडी काढण्यास लंडनच्या कंपनीची परवानगी लागत नाहीं, हें गुपित त्यामुळें सर्वांस कळलें, आणि गांवोगांवीं तरुणांनीं आपापल्या चिमुकल्या कंपन्या काढल्या.

आतां अडचण उरली ती दुसरी. तबकडी निघाली, पण ती ऐकवावयाची कोणास? मँचेस्टरच्या गल्लींतील बँड दूरच्या खेड्यांतील मुलास कळावा कसा? या ठिकाणीं एका विलक्षण श्रोत्याची ओळख करून दिली पाहिजे. त्याचें नांव जॉन पील. जन्म ३० ऑगस्ट १९३९, लिव्हरपूलनजीकच्या हेझवॉल गांवीं. श्रूझबरीच्या ज्या जुन्या शाळेंत तो शिकला तेथेंच पूर्वीं चार्ल्स डार्विन शिकला होता. एकाला भुंगेरे जमविण्याचें वेड, दुसऱ्याला तबकड्यांचें. १९६७ सालीं बी. बी. सी. नें तरुणांकरितां 'रेडिओ वन' हें केंद्र उघडलें, तेव्हांपासून २००४ मध्यें मृत्यु येईपर्यंत पील तेथें बहुतेक रात्रींच्या वेळीं तबकड्या वाजवीत असे. तो गात नसे, वाजवीत नसे, संगीतशास्त्राचा पंडितहि नव्हता. त्याचें काम एवढेंच कीं, पोस्टानें येणारीं पुडकीं फोडावयाचीं, अनोळखी मुलांनीं पाठविलेल्या फिती व तबकड्या तासन्‌तास ऐकावयाच्या, आणि त्यांतील ज्या मनास भिडतील त्या देशास ऐकवावयाच्या. कधीं कधीं तो तबकडी चुकीच्या गतीनें लावी व मग श्रोत्यांची क्षमा मागे; लोकांस तेंहि आवडे. मृत्युसमयीं त्याच्या घरीं सुमारें २६,००० मोठ्या व ४०,००० लहान तबकड्या होत्या.

पीलच्या कार्यक्रमाचा कणा म्हणजे त्याकरितां मुद्दाम होणारें मुद्रण. त्यामागील कारण पाहण्यासारखें आहे. ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेस भीति वाटत असे कीं, रेडिओवर नुसत्या तबकड्याच वाजूं लागल्या तर जिवंत वादकांची पोटें कशीं भरावयाचीं? म्हणून दिवसाकाठीं तबकड्या किती तास वाजवाव्या यावर कराराची मर्यादा घातलेली होती. तिला 'नीडल टाइम', म्हणजे सुईचा वेळ, असें म्हणत. उरलेला वेळ भरून काढण्यासाठीं बी. बी. सी. ला वादक बोलावून त्यांचें गाणें स्वतः मुद्रित करणें भाग पडे. पीलनें या सक्तीचा असा उपयोग केला कीं, ज्यांची एकहि तबकडी निघालेली नाहीं अशांस तो बोलावूं लागला. लंडनच्या मेडा व्हेल भागांत चाकांच्या बुटांवर घसरत खेळण्याचें एक जुनें क्रीडागृह होतें, त्याचींच बी. बी. सी. नें मुद्रणालयें केलीं होतीं. बँडानें सकाळीं वाद्यें घेऊन तेथें यावें, दिवसभरांत बहुधा चार गाणीं मुद्रित करावीं, रात्रीं परत जावें, ठरलेलें मानधन घ्यावें. अशीं चार हजारांवर मुद्रणें त्या सदतीस वर्षांत झालीं, आणि त्यांत दोन हजारांवर निरनिराळ्या मंडळ्या येऊन गेल्या. यांतील बहुसंख्यांचें नांव पुढें कोणीं ऐकलें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. शोध करणाऱ्याच्या हातीं खडेच फार लागतात.

आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्ष द्यावें असें एक उदाहरण देतों. शेफील्ड शहरांत जार्व्हिस कॉकर नांवाच्या पंधरा वर्षांच्या मुलानें १९७८ सालीं शाळेंतील सोबत्यांबरोबर 'पल्प' नांवाचा बँड काढला. १९८१ मध्यें जॉन पील त्या शहरीं एका कार्यक्रमास आला असतां या मुलानें धीर करून आपल्या गाण्यांची फीत त्याच्या हातीं दिली. पीलनें ती ऐकली, आणि थोड्याच दिवसांत त्या मुलांस मेडा व्हेलचें बोलावणें आलें. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत मुद्रण झालें. जार्व्हिस त्या वेळीं अठरा वर्षांचा होता. येथें गोष्ट संपावयास हवी होती; परंतु त्यानंतर जवळजवळ बारा वर्षें त्या बँडाकडे लोकांनीं ढुंकून पाहिलें नाहीं. सोबती सोडून गेले, नवे आले. पीलकडील दुसरें मुद्रण झालें तें १९९३ मध्यें, आणि १९९५ सालीं 'डिफरंट क्लास' हा त्यांचा संग्रह ब्रिटनच्या यादींत पहिल्या स्थानीं जाऊन बसला. ज्यानें १९८१ सालीं ती फीत ऐकली त्याला हें भविष्य दिसत होतें असें नाहीं. त्याला त्या रात्रीं गाणें आवडलें, एवढेंच. परंतु मधल्या ओसाड वर्षांत त्या मुलाजवळ शिदोरी म्हणून काय होतें, याचा विचार करतां त्या एका दिवसाचें मोल फार वाटतें.

दुसरें उदाहरण उत्तर आयर्लंडचें. १९७८ सालीं तेथें कॅथलिक व प्रॉटेस्टंट वस्त्यांमधील वैर इतकें विकोपास गेलें होतें कीं, बेलफास्ट शहराच्या मध्यभागीं संध्याकाळीं फिरकण्यास लोक भीत, आणि बाहेरचे कलावंत त्या शहरीं क्वचितच येत. अशा दिवसांत टेरी हूली नांवाच्या गृहस्थानें तेथें तबकड्यांचें दुकान चालविलें, आणि स्थानिक पोरांच्या तबकड्या काढण्यास आरंभ केला. त्याच्या कार्यक्रमांस दोन्हीं वस्त्यांतील मुलें येत. नुसतें नांव ऐकून धर्म ओळखणाऱ्या शहरांत तीं एका खोलींत उभीं राहून एकच गाणें ऐकत. डेरी गांवच्या 'अंडरटोन्स' या बँडाची 'टीनेज किक्स' ही तबकडी त्यानेंच काढली. पीलला ती इतकी आवडली कीं, त्यानें रेडिओवर ती एकदां संपतांच लागलीच पुन्हां वाजविली. पुढें त्याच्या थडग्याच्या दगडावरहि त्या गाण्यांतले शब्द कोरले गेले. गाण्यानें तेथील वैर शमलें असें कोणी समजूं नये. तें आणखी वीस वर्षें चाललें. परंतु ती खोली होती, हें खरें.

येथें कोणी विचारील कीं, रेडिओ आहे, हल्लीं तर खिशांतील यंत्रावर जगांतील सर्व संगीत आहे, मग प्रत्यक्ष जाऊन ऐकण्याचा हट्ट कशास? याचें उत्तर आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक असलें पाहिजे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवांत मंडपांत बसून ऐकणें आणि घरीं ध्वनिमुद्रण ऐकणें यांतील फरक ज्यानें अनुभवला आहे, त्यास तो समजावून सांगावा लागत नाहीं. मुद्रणांत चूक झाली तर पुसतां येते, एक तुकडा दुसऱ्यास जोडतां येतो. प्रत्यक्षांत तार तुटली तर तुटली. त्या क्षणीं गायक काय करतो, सोबती त्याला कसे सांवरून घेतात, यावरून ते एकमेकांचे किती आहेत हें कळतें. शिवाय लहान खोलींत ढोलाचा ठोका ध्वनिवर्धकांतून येण्यापूर्वीं थेट छातीवर येतो. श्रोत्यांचाहि गाण्यावर परिणाम होतो: तीस माणसें खरोखर ऐकत असलीं तर नवखा गायकहि दुसऱ्या गाण्यापासून मोकळा होतो, आणि तींच तीस माणसें आपसांत बोलत बसलीं तर तो पार कोमेजतो. म्हणून रसिक श्रोता हा अशा ठिकाणीं तिकीट काढून आलेला पाहुणा नसतो. तोहि कार्यक्रमाचा एक घटक असतो. आपल्याकडे तमाशाच्या फडांत व भजनाच्या बैठकींत ही गोष्ट फार पूर्वींपासून माहीत आहे.

आपल्या देशांतील स्थिति कशी होती? मुंबईंत १९८४ सालीं 'रॉक मशीन' नांवाचा बँड निघाला. त्या काळीं आपल्याकडील बँडांनीं विलायती गाणींच हुबेहूब वाजवून दाखवावीं अशी श्रोत्यांची अपेक्षा असे; स्वतःचें गाणें म्हणूं लागल्यास लोक चुळबूळ करीत. तरी या मंडळीनें १९८८ सालीं स्वतःच्या गाण्यांची तबकडी काढली, आणि १९९३ मध्यें 'इंडस क्रीड' हें नांव घेतलें. धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारीं, रंगभवन नांवाचें उघडें नाट्यगृह आहे. तेथें १९८६ पासून फरहाद वाडिया यांनीं सुरू केलेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा मेळावा अनेक वर्षें भरे, आणि कॉलेजांतून निघालेले नवे नवे बँड तेथें हजारों श्रोत्यांपुढें उभे राहत. दिल्लींत १९९० सालीं 'इंडियन ओशन' हा बँड स्थापन झाला. १९९७ मध्यें निघालेला त्यांचा 'डेझर्ट रेन' हा संग्रह एका प्रत्यक्ष कार्यक्रमाचेंच मुद्रण आहे, आणि २००० सालच्या 'कंदिसा' या संग्रहास ज्या गाण्यावरून नांव मिळालें तें केरळांतील सीरियन ख्रिस्ती लोकांचें सुरियानी भाषेंतील प्राचीन स्तोत्र आहे. गिटारीच्या साथीनें तें ऐकून दिल्लीचे विद्यार्थी डोलूं लागले. असल्या गोष्टी कोणत्याहि कंपनीच्या कचेरींत बसून सुचत नाहींत.

परंतु रंगभवनांतील हे कार्यक्रम २००३ च्या सुमारास बंद पडले. रुग्णालयें व विद्यालयें यांच्या भोंवतीं शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतताक्षेत्र समजावा, असा २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांचा दंडक आहे, आणि रंगभवन नेमकें तशा जागीं आहे. आजाऱ्याची झोंप ही गाण्याहून मोठी, यांत आम्हांस शंका नाहीं. मात्र एक जागा गेली तेव्हां तिच्या मोबदल्यांत तशीच स्वस्त, तशीच सर्वांस सोयीची दुसरी जागा कोणीं निर्माण केली नाहीं. लोअर परळच्या गिरणीच्या आवारांत २००७ सालीं उघडलेलें 'ब्लू फ्रॉग' हें नव्या बँडांचें आवडतें ठिकाण होतें. तेंहि २०१६ मध्यें बंद झालें. पुण्यास २०१० पासून 'एन्. एच्. सेव्हन वीकेंडर' या नांवाचा मोठा मेळावा सुरू झाला, ही आनंदाची गोष्ट खरी. पण मेळावा म्हणजे जत्रा. जत्रेंत जिंकणारा पैलवान वर्षभर तालमींत घुमत असावा लागतो, आणि तालीमच नसेल तर जत्रेंत उतरणार कोण?

विलायतेंतहि हेंच दुखणें आहे. लहान संगीतगृहांच्या रक्षणासाठीं तेथें २०१४ सालीं 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली. तिच्या अहवालाप्रमाणें एकट्या २०२३ सालांत अशीं १२५ गृहें बंद पडलीं किंवा त्यांतील गाणें थांबलें. भाडें व विजेचा खर्च हीं कारणें उघडच आहेत. एक कारण मात्र चमत्कारिक आहे. संगीतगृहामुळें एखाद्या गलिच्छ गल्लीस शोभा येते, शोभा आली कीं तेथें नव्या इमारती उठतात, आणि नव्या इमारतींतील बिऱ्हाडकरू पहिली तक्रार करतात ती त्याच संगीतगृहाच्या आवाजाची. यावर तोड म्हणून इंग्लंडच्या नगररचनेच्या धोरणांत २०१८ सालीं असें तत्त्व घातलें गेलें कीं, जो मागाहून येऊन बांधील त्यानेंच आवाज अडविण्याची व्यवस्था करावी. प्रचंड क्रीडागारांतील कार्यक्रमांच्या प्रत्येक तिकिटामागें एक पौंड बाजूस काढून तो लहान गृहांस द्यावा, अशीहि मागणी तेथें होत आहे. ती आम्हांस योग्य वाटते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यानें पायाच्या दुरुस्तीस हातभार लावणें हें दान नव्हे. मँचेस्टरच्या ज्या इमारतींत ते चाळीस श्रोते जमले होते, तिचें आतां हॉटेल झालें आहे.

या छंदांत दोषहि आहेत. 'मीं यांस सर्वांच्या आधीं ऐकलें' हा अहंकार फार लवकर जडतो, आणि मग आवडता बँड लोकप्रिय होतांच रसिकाचें मन त्यावरून उडतें. ज्याला कोणी ओळखीत नव्हतें तेव्हां जो गुणी होता, तो चार लोक ओळखूं लागल्यावर एकाएकीं निर्गुण कसा ठरतो, हें आम्हांस आजपर्यंत उमगलेलें नाहीं. दुसरा दोष आळसाचा. संगीत पुरविणारीं हल्लींचीं यंत्रें आपल्या आवडीचा माग काढून तिच्याचसारखें आणखी पुढें ठेवतात. त्यांत शोध असा उरत नाहीं. त्यापेक्षां कार्यक्रमास वेळेपूर्वीं जावें. पत्रिकेंत ज्याचें नांव सर्वांत खालीं व बारीक अक्षरांत असतें तो बँड प्रथम वाजवितो, आणि बहुतेक लोक त्या वेळीं बाहेर चहा पीत असतात.

पालकांच्या मनांत एक भीति साधार आहे, ती कानांविषयीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं अशा ठिकाणच्या आवाजाची सरासरी मर्यादा १०० डेसिबल असावी असें सुचविलें आहे. ती सर्वत्र पाळली जात नाहीं. म्हणून कानांत घालण्याचे बोळे जवळ ठेवावे, ध्वनिवर्धकाच्या तोंडाशीं उभें राहूं नये, आणि ध्वनिनियंत्रक जेथें आपलें खटक्यांचें मेज मांडून बसलेला असतो त्याच्या आसपास जागा धरावी. तो सर्व वाद्यांचें प्रमाण आपल्याच कानांनीं जुळवीत असल्यामुळें गाणें तेथें सर्वांत चांगलें ऐकूं येतें. गाणें आवडलें तर घरीं येऊन 'बँडकँप' सारख्या ठिकाणीं तें विकत घ्यावें. २००८ पासून चालू असलेलें हें दुकान गाण्याच्या विक्रींतून साधारण पंधरा टक्के स्वतःकडे ठेवतें व बाकीची रक्कम, देण्याघेण्याचा खर्च वजा जातां, कलावंतास पोंचविते. किंवा त्याहून सोपें म्हणजे, बाहेर पडतांना दाराशीं एक मेज मांडलेलें असतें व त्यावर तबकड्या आणि सदरे विकावयास ठेवलेले असतात, तेथें थांबावें. विकणारा बहुधा त्या बँडाचा ढोलवालाच असतो, आणि आपलें गाणें कसें झालें हें तो विचारल्यावांचून राहत नाहीं.